घाम आला म्हणजे ताप उतरलाच असं नाही : घरी कॅन्सरचा पेशंट असणाऱ्यांसाठी

नारायण पेठेतलं एक घर. जानेवारीतली सकाळ, काकूंच्या अंगात स्वेटर आणि त्यावर शाल. गॅलरीतल्या दोरीवर मात्र चार पायजमे, तीन बनियन आणि दोन चादरी वाळत होत्या. मी विचारलं, "काकू, एवढं धुणं?" तर म्हणाल्या, "अहो सिस्टर, यांना रात्री दरदरून घाम येतो ना. पण बरंच आहे ते. घाम आला म्हणजे ताप उतरला."

ताप मुळात किती होता, ते कुणी मोजलंच नव्हतं. तीन आठवडे हे चाललं होतं. डॉक्टरांना दुखणं सांगून झालं होतं, जेवण जात नाही हे सांगून झालं होतं, संडासला खडा होतो हेही. घामाचं काय सांगायचं, असं वाटून तेवढं राहून गेलं.

मी घरोघरी जाऊन कॅन्सरच्या पेशंटची सेवा करते, आणि हे 'राहून गेलं' मला फार घरांत भेटतं. आपल्याकडे घाम चांगल्या लक्षणांत मोडतो. लहानपणी ताप आला की आजी गोधडीवर गोधडी टाकायची आणि कपाळ ओलं झालं की सुटकेचा निःश्वास टाकायची. आजार बळावलेल्या कॅन्सरमध्ये ते गणित चालत नाही. तिथे घामामागे जंतुसंसर्ग असू शकतो, औषध असू शकतं, खुद्द गाठ असू शकते, आणि बहुतेक वेळा त्यावर काहीतरी करता येतं. हे सगळं ज्यांना पहिल्यांदाच बघावं लागतंय, त्यांच्यासाठी कशानंतर काय करायचं ते लिहिते आहे.

किती घाम म्हणजे जास्त?

मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत सगळेच घामाघूम होतात. तो घाम इथे मोजायचा नाही. घरातल्या बाकीच्यांना चादर लागत असताना पेशंटचे कपडे पिळून काढण्याइतके भिजत असतील, उशीचा अभ्रा ओला होत असेल, रात्रीतून कपडे बदलावे लागत असतील, तर ते सांगण्यासारखं आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात ठरवणं अवघड जातं. तेव्हा सरळ शेजारी झोपणाऱ्याची उशी हात लावून बघा.

आधी थर्मामीटर, मग गोळी

हे उलट होतं. अंग गरम लागलं की हात पॅरासिटामॉलकडे जातो, कारण ती प्रत्येक घरात फ्रीजवरच्या डब्यात असतेच. गोळी दिली की ताप दबतो, आणि तो होता की नव्हता हे कळायचा मार्ग बंद होतो.

साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. बगलेत लावणार असाल तर आधी बगल कोरडी पुसा. ओल्या बगलेत आकडा कमी दाखवतो, आणि हे इतक्या जणांना माहीत नसतं की मी ते प्रत्येक घरी सांगते. बगलेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. त्यात स्वतः भर घालू नका. फक्त डॉक्टरांना सांगताना "बगलेत मोजला" असं सांगा. घाम फुटून गेल्यावर मोजलात तर ताप उतरलेला असेल, म्हणून हुडहुडी भरली किंवा कणकण वाटली की तेव्हाच मोजा.

आता महत्त्वाचं. पेशंटची केमो चालू असेल किंवा नुकतीच झाली असेल आणि ताप 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला, तर सकाळची वाट बघायची नाही. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. त्या काळात साधा वाटणारा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. रात्रीचे दोन असोत, उपचार करणाऱ्या हॉस्पिटलला फोन लावा आणि निघा. गोळी देऊन "बघू सकाळपर्यंत" हे इथे नको.

थंडगार, चिकट घाम हा आणखी वेगळा. त्याबरोबर छातीत दुखणं, धाप, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गडबड यातलं काही असेल तर 108 ला फोन. पेशंटला मधुमेह असेल आणि जेवण दोन घासांवर आलं असूनही साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन जुन्याच मापाने चालू असेल, तर आधी ग्लुकोमीटरने साखर बघा. 70 च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र आधीच बोलून ठेवायला हवी. आजार शेवटच्या टप्प्यात असेल आणि आता हॉस्पिटलच्या फेऱ्या नकोत असं पेशंटने आणि घरच्यांनी ठरवलं असेल, तर ताप आल्यावर काय करायचं हे डॉक्टरांना शांतपणे, दिवसाउजेडी विचारून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता, मुलगा एक म्हणतोय आणि मुलगी दुसरं, अशा गोंधळात तो निर्णय नीट होत नाही.

कॅलेंडरची चौकट

वेगळी वही आणू नका. आणली तरी चार दिवसांनी सापडत नाही. दुधाचा हिशेब जिथे लिहिता, त्याच कॅलेंडरच्या चौकटीत लिहा: किती वाजता घाम आला, ताप किती, कपडे किती वेळा बदलले, त्याआधी कुठलं औषध दिलं होतं. रात्रपाळीला ब्यूरोची मावशी येत असेल तर तिलाही पेन देऊन ठेवा. ती जे बघते ते आपण बघत नाही. काकूंच्या घरी मावशींना लिहिता येत नव्हतं, तर त्या प्रत्येक कपडे बदलण्यामागे एक उभी रेघ मारायच्या. डॉक्टरांना तेवढ्यावरून सगळं कळलं.

औषधांची पिशवी

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या. रक्तदाबाच्या, झोपेच्या, शेजाऱ्यांनी सुचवलेला काढा, सगळं. घाम वाढवणारी औषधं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीच कॅन्सरच्या पेशंटकडे हमखास असतात.

मॉर्फिन आणि त्याच्या जातीची वेदनाशामकं घाम आणतात. नैराश्यावरच्या किंवा नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी येतो. स्तनाच्या कॅन्सरवर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल, प्रोस्टेटच्या कॅन्सरवर ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं किंवा वृषणं काढण्याची शस्त्रक्रिया, यांनी हॉर्मोन खाली जातात किंवा त्यांचं काम अडतं, आणि पाळी जाताना बायकांना येतात तशा गरम वाफा येतात: छातीपासून चेहऱ्यापर्यंत एकदम भडका, मग घाम, मग थंडी. पुरुषांना हे आपल्याला होतंय म्हणून सांगायला फार लाज वाटते. एका आजोबांनी मला "अंगात काहीतरी संचारतं" एवढंच सांगितलं होतं. त्यांचं दर तीन महिन्यांचं इंजेक्शन विचारल्यावर उलगडा झाला.

मॉर्फिनचं ऐकून कुणीतरी ते परस्पर बंद करतं. ते करू नका. रोजचं मॉर्फिन एकदम थांबलं तर त्यानेच घाम सुटतो, जुलाब होतात, जीव कासावीस होतो, आणि दबलेलं दुखणं परत उसळतं ते वेगळंच. दुखण्यानेही घाम येतोच. डोस कमी करायचा की दुसऱ्या औषधावर जायचं, ते डॉक्टर ठरवतील.

डॉक्टर काय करतील

संसर्गाची शंका आली तर रक्त, लघवी, गरज पडल्यास छातीचा एक्स-रे. रात्रीचा घाम आणि वजन घटणं हे क्षयाचंही लक्षण आहे, त्यामुळे आपल्याकडे तेही तपासतात. घाबरू नका, सापडला तर उपचार आहे.

सगळे रिपोर्ट स्वच्छ आले आणि तरी ताप-घाम चालूच राहिला, तर तो गाठीमुळे असू शकतो. लिम्फोमात, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, तसंच आजार यकृतात पसरलेला असताना हे दिसतं. अशा तापावर नेप्रोक्सेन पुष्कळदा चांगलं काम करतं, काहींना स्टिरॉइड देतात. पण नेप्रोक्सेन पोटाला आणि किडनीला सोसलं पाहिजे, प्लेटलेट कमी असतील तर ते चालत नाही, म्हणून ते मेडिकलमधून आपल्या मनाने आणायचं औषध नव्हे.

ताप नाही, नुसताच घाम, अशा वेळी ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन देतात. यांनी घाम आटतो, पण तोंडही कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढतं, लघवी अडू शकते, आणि वयस्कर माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागतो. हे दिसलं तर कळवा. गरम वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन यांचा उपयोग होतो. टॅमॉक्सिफेन चालू असताना पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन मात्र टाळतात, कारण त्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो. मानसोपचाराची औषधं दुसरे डॉक्टर देत असतील तर हे दोघांच्याही कानावर घाला.

रात्रीची तयारी

आता ज्याला हात लागतात ते काम. खरं तर पेशंटला फरक पडतो तो इथे.

गादीवर रबरी शीट घातलेली असते, ती थेट पाठीखाली आली की माणूस उकडून निघतो. रबरावर एक जाड सुती चादर, आणि तिच्यावर आडवी, चार पदरी घडी करून जुनी सुती साडी. आजीची नऊवारी असेल तर उत्तम, धुऊन धुऊन मऊ झालेली असते आणि पाणी टिपून घेते. ती खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी घाला. भिजली की फक्त तेवढी ओढून काढायची, सगळा बिछाना उसकटायचा नाही. पॉलिस्टरच्या चादरी, झगमगीत ब्लँकेटं कपाटात राहू द्या. पांघरूण एकच जाड नको, दोन पातळ असावीत, म्हणजे भडका आला की एक काढता येतं आणि थंडी भरली की परत घालता येतं.

कपड्यांसाठी एक युक्ती सांगते. घरातला जुना, ढगळ सुती शर्ट घ्या, पाठीवर वरपासून खालपर्यंत उभा कापा, कडा दुमडून टीप मारा आणि मानेपाशी नि कमरेपाशी नाड्या लावा. पुढची बटणं लावलेलीच राहतात. पेशंटने फक्त हात पुढे करायचे, उठायचं नाही, कूस बदलायची नाही. असे पाच-सहा करून ठेवा. दुकानातल्या गाऊनपेक्षा हे बरं, कारण आरशात बघितलं तर अंगात आपला शर्टच दिसतो. ज्या माणसाने आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट घातला त्याला याचं मोल कळतं. बायकांसाठी पुढून उघडणारे सुती गाऊन तुळशीबागेत मिळतात. एक माप मोठं घ्या.

झोपायच्या आधी उशाशी स्टुलावर मांडून ठेवा: दोन पंचे, एक शर्ट, एक पायजमा, एक उशीचा अभ्रा, घडी केलेली साडी, थर्मासमध्ये गरम पाणी आणि एक छोटं भांडं. रात्री कपाट उघडायची, दिवे लावायची वेळ येऊ नये.

घाम आला की पंचा कोमट पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, आधी चेहरा, मग मान, छाती, बगला, पाठ, शेवटी जांघा असं पुसा. एका वेळी एकच भाग उघडा, बाकी अंग झाकलेलं. दुसऱ्या कोरड्या पंच्याने टिपा. घासू नका, ही कातडी सायीसारखी असते. बर्फाचं पाणी नको, त्याने हुडहुडी भरते आणि ताप उलट चढतो. कोलनवॉटर, स्पिरिट नको. पाण्यात डेटॉलही नको, त्वचा कोरडी पडून चिरते.

चादर बदलताना पेशंटला एका कुशीवर वळवा, ओली साडी त्याच्या पाठीलगत गुंडाळा, तिला लागूनच कोरडी अर्धी पसरा, मग हलकेच त्या उंचवट्यावरून दुसऱ्या कुशीवर घ्या आणि पलीकडून ओली ओढून कोरडी पसरा. दोघं असलात तर दोन मिनिटांचं काम. एकट्याने करणार असाल तर पलंगाची एक बाजू भिंतीला लावून घ्या.

ओल राहते ती घड्यांमध्ये: स्तनांखाली, पोटाच्या वळीत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत. तिथे लाल चट्टे, खाज, पांढुरका थर दिसला तर बुरशी धरली आहे, मलम लागेल. टाल्कम पावडरचा थर देऊ नका. घामात तिच्या गोळ्या होतात आणि त्याच टोचतात. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघा, ओलसर कातडीला शय्याव्रण लवकर होतं.

पंखा थेट अंगावर नको. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून ठेवला की हवा खेळती राहते आणि ओल्या अंगावर झोत येत नाही. वीज गेली तर हातपंखा आहेच, आणि नातवंडांना ते काम आवडतं.

पॅच, बॅग, नळ्या

दुखण्यासाठी फेन्टानिलचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची तीन दिवसांची औषधी पट्टी, लावलेला असेल तर घामाने त्याच्या कडा उचलल्या जातात, आणि मग दुखणं का वाढलं हे दिवसभर कळत नाही. रोज सकाळी बोट फिरवून बघा. कड उचलली असेल तर कडेकडेने वैद्यकीय चिकटपट्टी लावा. पूर्ण निघाला तर नवा, दुसऱ्या जागी, कोरड्या त्वचेवर लावून तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा, आणि वेळ लिहून ठेवा, कारण तीन दिवसांचं मोजमाप तिथून पुन्हा सुरू होतं. त्या जागी आधी साबण, तेल, क्रीम काही नको, नुसतं पाणी. जुना पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा टाका.

पॅचवर शेकाची पिशवी कधीही ठेवू नका. उष्णतेने औषध जास्त वेगाने शरीरात शिरतं; जोराच्या तापातही तसंच होतं. अशा वेळी पेशंट जास्त गुंगीत वाटला, श्वास संथ झाला, तर पॅच काढा आणि लगेच फोन करा. पोटावरची स्टोमा बॅग (शौच किंवा लघवी जमा होणारी पिशवी) किंवा नाकातल्या नळीची पट्टी घामाने सुटत असेल तर नर्सला सांगा, त्याला वेगळी साधनं मिळतात.

पाणी किती

जेवढं घामाने गेलं तेवढं हळूहळू परत द्यायचं. लिंबूपाणी मीठ-साखर घालून, पातळ ताक, तांदळाची पेज, कोकम सरबत, जे रुचेल ते घोटाघोटाने. पोटात पाणी साठत असेल, हृदय किंवा किडनी कमजोर असेल, तर मीठ किती, नारळपाणी चालेल का, हे विचारून घ्या. फार गरम चहा आणि झणझणीत तिखटाने काहींना वाफा येतात. कॅलेंडर बघितलंत तर तुम्हालाच दिसेल. शेवटच्या दिवसांत तहान आपोआप मंदावते. तेव्हा पाण्याचा आग्रह नको, ठसका लागतो. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ ओलसर ठेवा, तेवढं पुरतं.

धुणं

केमो झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस औषधाचा अंश घामातही उतरू शकतो, म्हणून ते कपडे हातमोजे घालून उचला आणि घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात दोन-दोन दिवस काही वाळत नाही. दमट राहिलेला कपडा पेशंटला घालू नका, इस्त्री फिरवून पुरता कोरडा करा. पावसाळ्यात संच दुप्पट लागतात. नातेवाईक "काही आणू का" विचारतात ना, त्यांना सफरचंदांऐवजी पंचे आणायला सांगा.

पुण्यात कुणाला विचारायचं

सगळ्यात आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना. पण घाम, दुखणं, झोप, मळमळ यांचंच शास्त्र असणारी वेगळी शाखा आहे, पॅलिएटिव्ह केअर. तिकडे पाठवलं म्हणजे 'हात टेकले' असा अर्थ लावू नका. उपचार चालू असतानाही जाता येतं. वारज्यातलं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर 1997 पासून हे काम करतं आणि पेशंटकडून पैसे घेत नाही. मॉर्फिन कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. 2014 साली कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त हॉस्पिटलांना ते ठेवणं सोपं झालं, तेव्हा कुठल्या हॉस्पिटलातून मिळेल ते डॉक्टरांना विचारा आणि पट्टी संपायच्या चार दिवस आधी जा. शनिवार-रविवार मध्ये येतो.

नारायण पेठेतल्या काकांचे सगळे रिपोर्ट स्वच्छ आले. आजार यकृतात होता, ताप गाठीचाच होता. डॉक्टरांनी नेप्रोक्सेन आणि पोटासाठी एक गोळी दिली. पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा काकूंनी आधी कॅलेंडर दाखवलं. सोमवारी चार रेघा. मंगळवारी दोन. बुधवारच्या चौकटीत नुसतंच "दूध 1 लि." होतं. मी म्हटलं, मावशी लिहायला विसरल्या का? काकू म्हणाल्या, "नाही हो. झोपल्या होत्या त्या. आम्ही तिघंही झोपलो होतो."